अकरा वेळा साक्षर झालेली गुणाबाई

आमच्या गावात निरक्षर माणूस हवा असेल तर गुणाबाईकडे जायचं, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. तीस वर्षांत योजनांची नावं बदलली, पाटीच्या जागी पुस्तक आलं, पुस्तकाच्या जागी मोबाइल आला. गुणाबाईत मात्र बदल नाही. दर खेपेला ती निरक्षर म्हणून नाव द्यायची, दोन महिने शिकायची, परीक्षेत काठावर पास व्हायची आणि दिवाळीपर्यंत सगळं विसरून मोकळी व्हायची. 'तिच्या डोक्यात अक्षर ठरतच नाही,' असं गाव म्हणायचं. शिकवणाऱ्यांना दर खेपेला पास झालेली नावं वर दाखवावी लागत, त्यांना असंच माणूस सोयीचं. अकरा वेळा ती साक्षर झाली. कधी स्वतःच्या नावानं, कधी मेलेल्या जावेच्या, चांगुणाच्या नावानं.

मला या बाईचा मनापासून तिटकारा होता. मी नांदेडला बी.ए. करून लग्नानंतर बिलोली तालुक्यातल्या या गावात आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिला परीक्षेला बसलेली पाहिली. पेन्सिल मुठीत विळ्यासारखी धरलेली. स्वतःचं नाव काढायला पाव तास. नांदेडहून आलेले साहेब तिच्यामागं उभे राहून गहिवरले होते, 'या वयात ही जिद्द' वगैरे बोलत होते. ती साहेबांकडे बघून असं हसली की जणू त्यांनीच तिला जन्म दिला. बाहेर आल्यावर सुपारी तोंडात टाकून म्हणाली, "बावीस मार्क पडतील. लई पडले तर संशय येतो."

शिकवणाऱ्या पोरांकडून ती पैसे घ्यायची नाही, काम घ्यायची. कुणी तिची तूर कापून द्यायची, कुणी गोठ्याचे पत्रे बदलायचे, कुणी तिला मोटरसायकलवर बसवून नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन आणायचं. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "समाजाची सेवा करायला निघालास ना लेकरा? मंग मी काय समाजाच्या भाईर हाय?"

तिचा नवरा अण्णाराव म्हणजे दुसरं टोक. दहा एकर बागायत, पांढरंशुभ्र धोतर, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आणि गावातले सगळ्यात मोठे वाचणारे. रोज सकाळी नऊला काखेत पेपर मारून ते स्टॅन्डवरच्या हॉटेलात यायचे आणि देशात काय चाललंय ते चार लोकांना सांगायचे. लग्नाच्या पंगतीत जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः उचलायचे. "जो गडी स्वतःचं ताट उचलतो त्याला हार्टचा आजार होत नाही, पेपरात आलं होतं," असं तरुणांना सांगायचे. सगळ्या गावात मला हा एकच माणूस सुधारलेला वाटायचा, आणि अशा माणसाच्या गळ्यात ही धोंड कशी पडली याचं नवल वाटायचं.

हे सगळं माझ्या डोक्यात एका कोपऱ्यात पडून राहिलं असतं. पण माझा मुलगा सत्यम लातूरला इंजिनिअरिंगला गेला आणि त्याला शिक्षण-सेवा सवलत मिळाली.

योजना कागदावर सुंदर होती. कॉलेजची फी सरकार भरणार. बदल्यात विद्यार्थ्यानं दर वर्षी आपल्या गावातले पाच निरक्षर शिकवायचे आणि मार्चमधल्या परीक्षेत पास करून दाखवायचे. पाच म्हणजे पाच. चार झाले तर सेवा अपूर्ण, आणि सेवा अपूर्ण तर सवलत बंद. सवलत बंद झाली असती तर सत्यमला परत आणण्याशिवाय आमच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. त्याच्या वडिलांच्या, भागवतरावांच्या, खताच्या दुकानाची दोन वर्षांत काय गत झाली ते गावाला माहीत आहे. आणि परत आलेल्या मुलांचं इथं काय होतं ते मी रोज बघते. स्टॅन्डवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यावर खाली तिकिटाएवढ्या फोटोंची रांग असते, काळे चष्मे, 'युवा नेतृत्व'. त्यातल्या एका चौकोनात मला माझ्या मुलाचं तोंड दिसायचं. दिवसा दिसायचं, डोळे मिटले तरी दिसायचं.

ज्याच्यासाठी मी झुरत होते तो मुलगा जानेवारीत या सेवेसाठीच्या दोन महिन्यांच्या सुटीला आला आणि मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला, "आई, निरक्षर कुठं मिळतात?"

जसं काही ते किलोवर मिळतात.

"मिळत नाहीत. शोधावे लागतात. आणि शिकवावे लागतात."

"समन्वयक सर म्हणाले, फोटो नीट यायला पाहिजेत. पाटी दिसली पाहिजे."

समन्वयक सर म्हणजे लातूरच्या कॉलेजातले या योजनेचे प्रमुख. त्यांना मी एकदा फोन केला होता. मुलांनी शिकवावं कसं, पुस्तकं कुठली, असं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार खोलात जाताय." एवढं एकच खरं बोलले.

निरक्षर मिळणं अवघड होतं, कारण आमचं गाव दहा वर्षांपूर्वीच शंभर टक्के साक्षर झालेलं आहे. ग्रामपंचायतीबाहेर तशी पाटी आहे. त्यामुळे ज्याला येत नाही तोही 'येत नाही' म्हणायला लाजतो. ज्यांना लाजायला वेळ नाही, ती सगळी माणसं ऊसतोडीला गेलेली, ती एप्रिलशिवाय परतणार नव्हती. मी दारोदार फिरून चार जण जमवले: दोन म्हाताऱ्या, एक राखणदार, एक दूध घालणारा. शिकवलंही मीच. सत्यम बाजूला बसून फोटो काढायचा. पाचवं नाव कुणाचं, हा प्रश्नच नव्हता.

गुणाबाईला आमच्या ओसरीवर बोलावलं. सत्यमनं नोंदणीसाठी तिच्या तोंडासमोर मोबाइल धरला. यंदा नवीन पद्धत होती. चेहरा जुन्या याद्यांशी ताडून बघायची. गोल फिरलं, फिरलं आणि लाल अक्षरं आली: ही व्यक्ती यापूर्वी साक्षर घोषित झाली आहे. खाली तिचे तीन फोटो, तीन वर्षांचे, दोन वेगळ्या नावांचे.

सत्यमचं तोंड उतरलं. गुणाबाई पडद्याकडे बघून पोट धरून हसली.

"बग माय, सरकारला कळलं एकदाचं! मी शिकले म्हणं!"

"काकू, हसता काय? पोराचं वर्ष जाईल."

"मंग काय रडू? मशीन न्हाई म्हणून राहिली, मी काय करू? इतकी तूर काढायची राहिली माजी, माजंच नुकसान झालं."

ती गेली. मी आत जाऊन भांडी आपटत राहिले. सहा आठवडे उरले होते.

आठ दिवसांनी मी पुन्हा तिच्याकडे निघाले. कुणी नात्यातलं, माहेरचं, देवणीकडचं निरक्षर माणूस तिला माहीत असेल, त्याला इथं आणता येईल का, एवढंच विचारायचं होतं. पुढचं दार लावलेलं होतं म्हणून गोठ्याकडून गेले. आतून कुणी वाचत असल्याचा आवाज आला. रेडिओसारखा सलग, कुठं अडखळ नाही. मी थांबले. आवाज गुणाबाईचा होता.

"…हिमायतनगर तालुक्यात वांगी जोरात, भाव पडले. हां. आनि ह्ये खाली. देगलूर इथल्या एका शेतकऱ्यानं बायकोला न विचारता रस्त्याकडची जमीन प्लॉटिंगवाल्याला दिली, कोर्टानं सौदा रद्द केला. नवऱ्याला दोन म्हैने आत टाकलं."

"दोन म्हैने?" हा अण्णाराव.

"दोन. वर दंड."

"काय काळ आला बाप्पा," अण्णाराव म्हणाले. "आता ते वरचं परत वाच, वांग्याचं. हॉटेलात सांगाया लागतं."

तोच पेपर आमच्याकडे येतो. सकाळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी तो वाचला होता. वांगी होती. देगलूरचा शेतकरी त्यात कुठंच नव्हता.

तिथं गोठ्यात, शेणात उभी राहून मला दोन गोष्टी एकदम कळल्या आणि दोन्हींनी माझं डोकं फिरलं. जिला गाव ठोंब समजत होतं ती बाई घडघडा वाचत होती. आणि ज्याला मी वीस वर्षं सुधारलेला समजत होते, त्याला त्याच्या काखेतल्या पेपरातलं एक अक्षर कळत नव्हतं. समितीपुढे कागद आला की "चष्मा घरी राहिला" म्हणणारा, सही चित्रासारखी पाठ केलेला हा अध्यक्ष. आणि ते ताट! ते ताटसुद्धा तिनंच त्याच्या हातात दिलेलं.

अण्णाराव मोरीकडे गेले तेव्हा मी आत शिरले. गुणाबाईनं पेपर पदराखाली घेतला, मग माझं तोंड बघून बाहेर काढला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. देगलूरची बातमी कुठल्या पानावर आहे, काकू?"

"माज्या पानावर," ती शांतपणे म्हणाली.

मग तिनं सांगितलं, ते असं. तिचे वडील देवणीच्या बैलबाजारात पावत्या लिहायचे. शेजारी बसून ती बैलांची वर्णनं वाचायला शिकली. रंग कसा, शिंगं कशी, दात किती. चौथीपर्यंत शाळा झाली, चौदाव्या वर्षी लग्न. सासरी तिसऱ्या दिवशी एक पत्र आलं. घरात कुणाला वाचता येईना. नव्या नवरीनं उठून वाचलं. सासूनं तिथंच सांगितलं: बाईनं चार माणसांत वाचलं तर घरच्या गड्याला काय किंमत? आजपासून तुला येत नाही. त्या दिवसापासून तिला येत नाही. मागच्या खोलीत नवऱ्यापुरतं येतं.

"पयल्यांदी जसं हाय तसंच वाचत होते," ती म्हणाली. "मंग पोरीला सोळाव्या वर्षी द्यायला निगाले. तवा एक बातमी वाचली, जी छापली नव्हती. पोरगी बारावी झाली. मंग म्हटलं, ह्ये बरं हाय की. भांडायचं न्हाई, रडायचं न्हाई, निस्तं वाचायचं."

मला तिची कीव आली नाही. राग आला. ज्या अक्षरांसाठी माणसं आयुष्यभर तडफडतात, त्यांचं हिनं काय केलं? बाहेर विकली आणि घरात नवऱ्याला वेसण घातली. माझ्यापुढे मात्र सत्यमचं तोंड होतं, फ्लेक्सवरच्या चौकोनात.

"काकांना बसवा परीक्षेला," मी म्हणाले. "मशीनला ते माहीत नाहीत. खरेखुरे निरक्षर आहेत."

तिचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "न्हाई."

"एका मुलाचं शिक्षण आहे काकू."

"तुज्या पोराचं शिक्षण. तेला वाचता आलं तर माजं काय ऱ्हातं या घरात? त्यो उद्या रस्त्याकडची जमीन प्लॉटिंगवाल्याला दिऊन टाकील. तुला काय, तू पेपर वाचून ठिवून देतीस."

"मग मी गावात सांगते. दोघांचंही."

हो, मी हे बोलले. बी.ए. झालेली, चार घरांत मान असलेली मी, एका म्हातारीला तिच्याच गोठ्यात धमकी देऊन उभी होते. "सांग की," ती म्हणाली. "शिकलेली बाई तू. तेवढंच येतं."

"काय सांगायचंय?"

अण्णाराव मोरीच्या दारात उभे होते. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. ओल्या हातांनी त्यांनी बायकोच्या हातातला पेपर घेतला, डोळ्यांसमोर धरला. उलटा धरला होता.

"देगलूरचं कुठं हाय ह्यात?" त्यांनी मला विचारलं. बायकोला नाही, मला.

मी गुणाबाईकडे बघितलं. तेच उत्तर झालं.

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "पाठव तुज्या पोराला. शिकवू दे. मला बघायचंय ही काय काय वाचत आली ते."

अशा रीतीनं मला पाचवा निरक्षर मिळाला.

शिकवणी गोठ्यात, दाराला आतून कडी लावून. आता सत्यमला खरंच शिकवावं लागलं, कारण अण्णारावांसमोर मी बसले तर त्यांची इज्जत जात होती. पोरासमोर जात नव्हती. सत्यम घरी येऊन चिडायचा. "आई, ते पुस्तकातलं कमळ-बदक शिकत नाहीत. म्हणतात, मला 'जमीन' दाखव, 'कोर्ट' दाखव, 'बायको' दाखव." पण म्हातारा हट्टी होता आणि हट्टाला राग मिळाला होता. महिनाभरात तो मथळे लावून वाचू लागला.

मग त्यांना जुने पेपर हवे झाले. कोठीत वर्षावर्षाची रद्दी होती. सत्यम ती आणायला गेला तर कोठी झाडून लख्ख. आदल्या दिवशी गुणाबाईनं भंगारवाल्याला बोलावून सगळी रद्दी देऊन टाकली होती.

"कामून विकलीस?" अण्णाराव ओरडले.

"उंदरं झाली होती."

"मोठी उंदरं होती म्हण की!"

तिनं घरातला कागदन् कागद घालवला. फडताळात, डब्यांखाली अंथरलेले पेपर तेवढे राहिले. अण्णाराव डबे उचलून ते वाचू लागले. रोज सकाळी सत्यम गेला की हा सत्तरीचा गृहस्थ हळदीच्या डब्याखाली बोट ठेवून ओळ लावत बसलेला, आणि ती चुलीपुढं पाठ करून भाकरी थापत. दोघांत बोलणं बंद. सकाळच्या वाचनाला सुटी. हॉटेलात अण्णाराव जायचे नाहीत, तब्येत बरी नाही म्हणून सांगायचे. सांगायला बातम्या नव्हत्या. आणि ताट? ताट तिथंच पडलेलं असायचं. सुधारणा एवढीच खोल होती.

मला याचं वाईट वाटलं का, असं सत्यमनं एकदा विचारलं. मी म्हटलं, परीक्षा कधी आहे ते बघ.

परीक्षा मार्चमधल्या एका रविवारी, जिल्हा परिषदेच्या शाळेत. अकराच्या आत हजेरीचा कागद वर पाठवायचा होता. त्यानंतर आलेला गैरहजर. साडेनऊला माझे चौघं बाकांवर बसले होते. अण्णारावांचा पत्ता नव्हता. शाळेच्या ओट्यावर तंटामुक्तीची सगळी मंडळी चहा पीत बसलेली, त्यांच्यासमोरून परीक्षेला जायचं म्हणजे काय ते मला कळत होतं. सत्यमचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दहाला अण्णाराव आले. कडक धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. मागं दहा पावलांवर गुणाबाई. मी सुस्कारा सोडणार, तेवढ्यात मुख्याध्यापक संगमेश गुरुजी हात जोडून पुढं धावले. "या अध्यक्षसाहेब! बरं झालं आपणहून आलात. पाहुण्यांशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही."

आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमाला पाहुणा लागतो. निरक्षरांची परीक्षा असली तरी लागतो. बघता बघता खुर्ची आली, शाल आली, नारळ आला. शाल कुठल्यातरी निवृत्तीच्या कार्यक्रमातली उरलेली होती, घडीवर धूळ होती. ती अण्णारावांच्या खांद्यावर पडली. आणि हा माणूस, ज्याचं नाव परीक्षार्थींच्या यादीत पाचव्या ओळीत होतं, तो खुर्चीत बसला! नुसता बसला नाही, 'दोन शब्द बोला' म्हटल्यावर उठला.

"अक्षर म्हंजे डोळा हाय," अण्णाराव म्हणाले. "ज्याला अक्षर न्हाई, तेला कुणीबी फसवतंय. घरातलेसुद्धा."

टाळ्या पडल्या. माझ्या चार परीक्षार्थींनीही वाजवल्या. सव्वादहा. साडेदहा. सत्यम माझ्याकडे बघत होता, तसं लहानपणी शाळेत पहिल्या दिवशी बघितलं होतं. मी गुरुजींना खुणावलं, हजेरी घ्या म्हणून. गुरुजींनी यादी वाचायला घेतली. एक, दोन, तीन, चार. मग थांबले आणि हसले.

"बघा, कसा घोळ घालतात वरचे लोक! पाचवं नाव चक्क आपल्या अध्यक्षसाहेबांचं!"

ओट्यावर हशा उसळला. अण्णारावही हसले. शाल सावरून हसले. गुरुजींनी खिशातून पेन काढलं. "चुकून आलंय. काटून टाकतो."

काय म्हणणार होते मी? खरं बोलले असते तर अण्णाराव त्या खुर्चीतून उठून सरळ घरी गेले असते आणि माझा मुलगा गेला असता स्टॅन्डवर.

"थांबा गुरुजी," दाराशी बसलेली गुणाबाई उठली. "ती नोटीस बगू."

टेबलावर परीक्षेचं परिपत्रक होतं, तीन पानी, जसंच्या तसं घडी न मोडलेलं. तिनं ते उचललं, लांब धरलं आणि वाचायला लागली. मोठ्यानं, सलग, गोठ्यातल्या त्याच आवाजात.

"केंद्रप्रमुखांसाठी सूचना. कलम सात. प्रत्येक केंद्रावर गावातील एक प्रतिष्ठित साक्षर नागरिक नमुना परीक्षार्थी म्हणून इतरांसोबत परीक्षेस बसेल. सदर नागरिकाचे नाव यादीत असेल. नमुना परीक्षार्थी न बसल्यास केंद्राचा निकाल रद्द समजण्यात येईल व त्यास केंद्रप्रमुख जबाबदार राहतील."

ओट्यावरचा हशा कुठल्या कुठे गेला. नोटिशीतल्या कलमाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अकरा वेळा साक्षर होऊन अकरा वेळा विसरलेली गुणाबाई 'सदर' आणि 'जबाबदार' असं बिनचूक वाचत होती, त्याकडे होतं. एक म्हातारी पुटपुटली, "आगं बया." तंटामुक्तीतल्या एकाचा कप तिरका होऊन चहा सांडला, त्याला कळलंही नाही.

परिपत्रक मी त्या सकाळीच सत्यमच्या मोबाइलवर वाचलं होतं. कलमं सहाच होती.

गुरुजींनी ते वाचलेलं नव्हतं. हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका मुख्याध्यापकाच्या आळसाबद्दल बरं वाटलं. 'जबाबदार' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी पेन खिशात घातलं. "हो हो, तसं आहे खरं. मीच सांगणार होतो. अध्यक्षसाहेब, आपल्याला जरा कष्ट…"

अण्णारावांनी हात पुढं केला. गुणाबाईनं परिपत्रक त्यांच्या हातात दिलं. आता त्यांना वाचता येत होतं. तिसऱ्या पानाच्या तळाशी त्यांचं बोट गेलं, सहावर थांबलं, त्याखाली कोरं होतं. त्यांनी मान वर करून बायकोकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदा. सारं गाव बघत होतं आणि काय चाललंय ते फक्त तिघांना माहीत होतं.

"बरोबर हाय," अण्णाराव म्हणाले. "कलम सात."

शाल त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि दूधवाल्याशेजारी बाकावर बसले. पावणेअकराला हजेरी गेली.

निकाल लागला. पाचही पास. अण्णारावांना पन्नासपैकी एकोणतीस. 'नमुना परीक्षार्थी'ला इतकेच मार्क का, असं कुणी विचारलं नाही, कारण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मुद्दाम कमी लिहिलं, गरिबांना वाईट वाटू नये म्हणून. गावानं हेही पचवलं. सत्यमच्या मोबाइलवर संदेश आला: सेवा पूर्ण, सवलत मंजूर, चालू वर्षापुरती. त्या संदेशाचा फोटो काढून त्यानं ठेवला आणि दुसऱ्या दिवशी लातूरच्या गाडीला गेला. गुणाबाईच्या घरावरून गेला. आत डोकावला नाही. "आई, तू सांग ना त्यांना," म्हणाला. एका माणसाला वाचायला शिकवलं, हे त्याच्या लक्षातही नाही. समन्वयक सरांनी त्याचे फोटो चांगले आले म्हणून कौतुक केलं, ते मात्र त्यानं तीनदा सांगितलं.

मी गेले. गुणाबाई ओसरीत बसली होती, पुढच्या ओसरीत, भोवती पाच-सहा बाया. कुणाच्या हातात बँकेची चिठ्ठी, कुणाच्या हातात दवाखान्याचा कागद. सगळ्या तिच्याकडून वाचून घ्यायला आलेल्या. एकीच्या जावयाचं पत्र ती वाचत होती आणि मधेच थांबून विचार करत होती. त्या थांबण्याचा अर्थ मला ठाऊक होता.

"काकू, जे आहे तेच वाचा हो," मी न राहवून म्हणाले.

"जे हाय ते हिला आदीच ठाऊक हाय," ती म्हणाली आणि बायका हसल्या. "तू काय आभार मानायला आलीस? नको. माजा धंदा बुडवलास तू. आता मला कोन निरक्षर म्हनंल?"

"जमिनीचं काय झालं?"

"त्ये बग." तिनं अंगणाकडं हनुवटी उडवली. अण्णाराव बाजेवर पेपर पसरून बसले होते. ओठ हलत होते, बोट ओळीवर. हॉटेलात आता ते दुपारी जात, कारण वाचून होईपर्यंत दुपार होई. "प्लॉटिंगवाला आला होता परवा. कागद घिऊन. ह्यांनी समदा वाचला. दोन तास वाचला. त्यो बिचारा तीन कप च्या पिऊन उठून गेला. म्हनं, पुन्ना येतो."

"मग काका देतील जमीन?"

"मला काय ठावं? आता तेंचं ते वाचत्यात." एवढं बोलून ती पत्राकडे वळली, पण वाचलं नाही. "पयलं मला ठावं असायचं."

मी घरी आले. एप्रिलमध्ये ऊसतोडीची माणसं परततील. आल्याबरोबर धरलं तर दिवाळीला पुन्हा तोडीला जाईपर्यंत पाच काय पंधरा जण वाचायला लागतील, असं मी सत्यमला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, परीक्षा मार्चमध्ये असते. एप्रिलपासून कशाला?" मी फोन ठेवला. यंदाचं वर्ष वाचलं आहे. एक वर्ष. पुढची तीन बाकी आहेत, आणि गावात मशीनला न सापडलेला खोटा निरक्षर किंवा मार्चमध्ये हजर असणारा खरा, आता एकही उरलेला नाही.